एका रविवारचा श्रीमंत

आमच्या घराण्यात आजवर एकच माणूस श्रीमंत झाला, तो म्हणजे मी. तोही एका रविवारी, सकाळी दहा ते साडेअकरा.

घरातले बाकीचे लोक ही गोष्ट हसण्यावारी नेतात. पण कारखान्याच्या दफ्तरात तशी नोंद झालेली आहे, आणि माझ्या सासऱ्यांनी तर ती शेवटपर्यंत मानली. सगळी सोंगं आणता येतात पण पैशाचं सोंग आणता येत नाही, असं म्हणतात. म्हणणाऱ्यांना माझा पत्ता माहीत नसावा. मी ते सोंग मनात नसताना आणलं, आणि इतकं बेमालूम आणलं की ते उतरवता उतरवता वर्ष गेलं.

साठ सालानंतरची दोन-तीन वर्षं असतील. मी बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो आणि मल्लेश्वरमला तुकोजीरावांच्या वठारात राहत होतो. वठार म्हणजे एका अंगणाभोवती बिऱ्हाडांची रांग, मध्ये सगळ्यांत मिळून एक नळ, आणि त्या नळावरून झालेल्या भांडणांचा जुना इतिहास. घरमालक तुकोजीराव आमचेच, म्हणजे मराठी. फक्त त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी घोड्यावरून बंगळुरात आलं होतं आणि मी दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून. त्यामुळे ते मला मराठी शिकवायचे. "परचुरे अण्णा, तुमचं मराठी स्वल्प पुण्याकडचं आहे," असं ते दयेनं म्हणत.

वठारात भाडेकरू तीन. मी, जोशी आणि नागराज. तिघेही एकाच कारखान्यात, एकाच श्रेणीत, एकाच पगारावर. माझं लग्न त्याच मे महिन्यात झालं होतं. कुमुद बेळगावची. तिच्या माहेरी मागच्या दारी स्वतःची विहीर. इथे आल्यावर पहिल्याच पहाटे तिला बादली घेऊन जोशीकाकूंच्या मागे आणि नागराजच्या बायकोच्या पुढे उभं राहावं लागलं. कधी पाणी यायचं, कधी नुसताच नळातून सुस्कारा यायचा. पहिल्या महिन्याच्या पगारातून तिला काहीतरी घ्यावं म्हणून मी विचारलं, काय हवं? ती म्हणाली, "मला सोनंबिनं काही नको. नळ हवा."

अशात बातमी आली की येलहंक्याच्या वाटेवर कारखान्याची नवी क्वार्टर्स तयार झाली आहेत आणि प्रत्येक क्वार्टरमध्ये दोन नळ आहेत. एक स्वयंपाकघरात, एक न्हाणीघरात. कुमुदनं हे माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. तिसऱ्यांदा तिचे डोळे भरून आले, आणि मी त्याच क्षणी मनाशी ठरवलं की जग इकडचं तिकडे झालं तरी हे क्वार्टर मिळवायचं. (जग जिथल्या तिथे राहिलं. क्वार्टर तेवढं इकडचं तिकडे झालं.)

क्वार्टर्स थोडी आणि अर्जदार भारंभार. आधी सरळ हिशेब होता, पगार कमी त्याला घर आधी. पण आमच्या श्रेणीतल्या सगळ्यांचा पगार एकच. मग गरजू कोण हे ठरवायचं कसं? तेव्हा कल्याण विभागातल्या शामण्णांनी नवा विचार मांडला. शामण्णा म्हणजे पांढरा सदरा, कपाळावर उभं गंध, आणि बोलणं अगदी हळू. ते म्हणाले, पगार हा पाहुणा आहे, पहिल्या तारखेला येतो नि दहाव्या तारखेला जातो. माणूस गरीब की श्रीमंत हे त्याच्या घरात काय राहिलं आहे त्यावरून कळतं. घरोघर जाऊन वस्तू बघा. रेडिओ असला तर एवढे गुण, शिवणयंत्राला एवढे, घड्याळ, सायकल, कपाट, ज्याचे त्याचे. पंख्याला गुण नव्हते, कारण त्या काळी बंगळुरात पंखा ही चैन नव्हती, वेडेपणा होता. ज्याचे गुण कमी तो जास्त गरीब, आणि त्याला घर आधी. शाळेत असताना अशी परीक्षा असती तर मी पहिला आलो असतो, हे ऐकून मला फार हळहळ वाटली.

वठारात शामण्णा पहिल्यांदा आमच्याकडेच आले. तपासणीसाठी आम्हांला काहीही करावं लागलं नाही, इतके आम्ही मुळातच तयार होतो. घरात एक खाट, एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि लग्नात आलेली भांडी. बसायला खुर्ची नव्हती म्हणून मी त्यांना ट्रंकेवर बसवलं. त्यांनी चार भिंतींवर नजर फिरवली, भिंतींवर काहीच नव्हतं. मग पुन्हा एकदा फिरवली, बहुधा पहिल्यांदा चुकलं असेल असं वाटून. शेवटी त्यांनी मोठ्या मायेनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मोडक्या मराठीत म्हणाले, "सरी, सरी. होईल तुमचं काम." तोवर बघितलेल्या घरांत एवढी निर्मळ गरिबी त्यांना दिसली नव्हती म्हणे. मी अभिमानानं ताठ झालो.

त्या समाधानात ते आपली छत्री आमच्या खुंटीवर विसरून गेले.

आता सभ्य माणसानं काय करावं? दुसऱ्या दिवशी छत्री कारखान्यात नेऊन द्यावी. मीही तेच करणार होतो. पण ते दिवस दसऱ्यानंतरचे, बंगळुरात सकाळ-संध्याकाळ चार थेंब पडायचे आणि माझ्याकडे छत्री नव्हती. (असती तर शामण्णांनी तिचे गुण धरले असते.) छत्री नेऊन द्यायला बाहेर पडावं तर पाऊस, आणि पावसात छत्री उघडली की ती नेऊन देण्याची निकड कमी व्हायची. कुमुद रोज आठवण करायची. मी रोज उद्या म्हणायचो.

पुढच्या रविवारी सकाळी जोशी आणि नागराज यांच्याकडे तपासणी ठरली, आणि शनिवारी दोघेही तोंडं पाडून माझ्याकडे आले. जोशींच्या दोन खोल्यांत सात माणसं. पाठ धरलेली आई, चार मुलं, नवरा-बायको. जोशी झोपताना पाय उंबऱ्याबाहेर ठेवत, आणि पहाटे पाण्याला निघालेली वठारातली प्रत्येक बाई ते पाय ओलांडून जात असे. पण जोशींच्या थोरल्या भावानं त्यांना हौसेनं रेडिओ दिलेला. बायकोच्या माहेरचं टोल्यांचं घड्याळ, वडिलांचं एक टोल्यांचं घड्याळ, शिवाय सायकल. नागराजकडेही तसंच. बायको शेजारपाजारच्या बायकांच्या चोळ्या शिवायची म्हणून शिवणयंत्र, त्याच्याही घरी रेडिओ, घड्याळ, सायकल आणि कॉफीच्या बिया दळायचं यंत्र. शामण्णांच्या हिशेबानं दोघेही धनाढ्य. जोशी नुसते उंबऱ्याकडे बघत राहिले.

मला एकाएकी युक्ती सुचली. हो, मलाच. पुढं बरेच दिवस मी ती नागराजची होती असं सांगत असे.

"अहो, माझी तपासणी झालेली आहे," मी म्हणालो. "शामण्णा आता माझ्या घरात कशाला पाऊल टाकतायत? तुमचं सगळं सामान उद्या सकाळी दोन तास माझ्याकडे आणून ठेवा."

दोघांनी माझे हात धरले. नागराज तर गहिवरून कानडीत बरंच काही बोलला. मला कानडी येत नसे. एक 'सरी', म्हणजे 'बरं', तेवढा यायचा, तो मी योग्य जागी म्हणालो.

रविवारी उजाडताच सामान यायला लागलं. रेडिओ दोन, ते ट्रंकेवर. घड्याळं तीन, ती खुंट्यांवर. शामण्णांच्या छत्रीची खुंटी तेवढी सोडली, कारण तिच्यावर छत्री होती. एवढं डोळ्यांसमोर असून ती छत्री कुणाची आणि तिचा मालक आज कुठे येणार आहे, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. मी तर दूध आणायला तीच घेऊन गेलो आणि ओली परत अडकवली. घड्याळांचे लोलक आम्ही हातानं थांबवले. सायकली दारामागे. कॉफीचं यंत्र खाटेखाली, शिवणयंत्र कोपऱ्यात, त्यावर चादर, चादरीवर पितळी डबा. जोशींच्या मुलांनी मग आपणहून कॅरम, दोन पाट आणि एक पिंजरा आणला. पिंजऱ्यात पोपट होता. पोपटाला गुण नव्हते, पण जोशीकाकू म्हणाल्या, असू दे, उगाच श्रीमंती वाटते.

कुमुदला स्टोव्ह गाठायला आडवं होऊन जावं लागत होतं. तुकोजीराव आमच्या पायरीवर पहाऱ्याला बसले. दहा वाजायला आले तसे शामण्णा वठारात शिरले आणि सरळ जोशींच्या घरात गेले. आमची आणि जोशींची भिंत एकच. आम्ही भिंतीला कान लावून बसलो.

तेवढ्यात वठाराच्या दारात जटका, म्हणजे इकडचा टांगा, थांबला आणि त्यातून माझे सासरे उतरले.

ते मंगळवारी यायचे होते. पण बेळगावचं कुणीतरी ओळखीचं इकडे निघालं म्हणून त्यांच्या सोबतीनं दोन दिवस आधीच आले. येण्याचं कारण उघड होतं. लग्नानंतरची पहिली दिवाळी तोंडावर आलेली. दिवाळसणाला जावयाला काय द्यावं, हे लेकीच्या घरात काय कमी आहे ते डोळ्यांनी बघून ठरवायचं, असा त्यांचा बेत. कुमुदच्या मनात शिवणयंत्र होतं, आणि ते तिनं आईमार्फत बेळगावला पोचवलंही होतं.

आता माझ्या सासऱ्यांविषयी एक गोष्ट सांगायला हवी. बेळगावच्या कोर्टात त्यांची सगळी नोकरी बेलीफ म्हणून गेली. म्हणजे जप्तीचा हुकूम घेऊन लोकांच्या घरात शिरायचं आणि चीजवस्तू ताब्यात घ्यायच्या. त्यामुळे ते कुणाच्याही घरी गेले की आधी माणसांकडे बघत नसत. आधी वस्तू बघत, मग माणसं. शिवाय कोर्टाच्या पायरीवरून पुकारा करून करून आवाज असा झालेला की त्यांनी कानात सांगितलेलं गुपित गल्लीच्या टोकाला कळे.

ते उंबऱ्यावर आले आणि थांबले. नजर रेडिओवरून रेडिओवर गेली, घड्याळांवरून सायकलींवर, चादरीवर, पोपटावर. मग चेहरा हळूहळू उजळला.

"काय ओ जावईबापू," ते गरजले, "लग्नात आम्हांला बोलला नाही तुम्ही!"

भिंतीपलीकडे शामण्णा. मी ओठांवर बोट ठेवलं. कुमुद कुजबुजली, "दादा, हळू बोला, मग सगळं सांगते." पण जप्तीच्या घरात सगळेच हळू बोला म्हणतात, हे दादांना ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. म्हणाले, कळलं, कळलं, नजर लागायला नको.

त्यांना आंघोळीला पाणी हवं होतं. मी बादली घेऊन नळावर गेलो, आणि कुमुद चहा टाकायला आडवी होऊन मागच्या बाजूला स्टोव्हकडे गेली. आम्ही दोघांनी त्यांना त्या खोलीत एकटं सोडलं, ही त्या दिवसातली दुसरी चूक.

बंद घड्याळ घरात असणं अशुभ, अशी दादांची समजूत. त्यांनी आपल्या खिशातलं घड्याळ बघून तिन्ही घड्याळं लावली आणि लोलकांना धक्का दिला. दहाला थोडीच मिनिटं कमी होती. बादली निम्मी भरली आणि पहिल्या घड्याळाचे ठोके सुरू झाले. त्याचे चार होतात न होतात तोच दुसरं वाजू लागलं. दुसऱ्याचे संपत आले तेव्हा जोशींच्या वडिलांचं, जे घड्याळ नसून जवळजवळ देऊळ होतं, ते तिसरं. मी बादलीत पाणी पडताना बघत होतो आणि ठोके मोजता मोजता विसाच्या पुढं कधीच गेले होते.

जोशींच्या खिडकीत शामण्णांचं डोकं दिसलं. त्यांनी हलकेच काहीतरी विचारलं. जोशींनी, मला नंतर कळलं त्याप्रमाणे, एवढंच सांगितलं की शेजारी वाजलं. त्यावर शामण्णा म्हणाले, शेजारी किती वाजतात? त्याच वेळी आमचा एक रेडिओ, दादांनी केव्हाच फिरवलेला पण तापायला वेळ घेणारा, एकदम मोठ्यानं कानडीत शेतीविषयक माहिती देऊ लागला. घाबरून पोपट ओरडला.

शामण्णा जोशींच्या घरातून बाहेर आले. तुकोजीराव पायरीवरून उठले. "स्वल्प थांबा, साहेब," ते म्हणाले, "नागराजचं घर इकडे." शामण्णांनी मान हलवली. म्हणाले, हो, तिकडे जातोच, पण त्या दिवशी माझी छत्री इथे राहिली आहे, तेवढी घेतो. आणि आत गेले. मी भरलेली बादली नळाखाली तशीच टाकून मागे धावलो.

आत जे चाललं होतं ते मला आजही स्वप्नात दिसतं. दादा बेळगावचे, आयुष्य कोर्टात गेलेलं. कानडी त्यांना उत्तम यायचं. एका वयस्क गृहस्थाला दारात बघून त्यांनी त्यांना कारखान्यातले साहेब समजून हात जोडले, आणि दोघांचं कानडी असं काही जुळलं की मधे शब्द घालायला फट सापडेना. सामान आवरून वाट केल्यासारखं करून दादा त्यांना घर दाखवत होते. दोन्ही रेडिओ. तिन्ही घड्याळं, आत्ताच लावलेली, बघा. दारामागच्या सायकली. शामण्णांच्या भुवया तेवढ्या वर वर चालल्या होत्या. मधेच दादांनी माझ्याकडे वळून कानडीत काहीतरी विचारलं, आणि मी घाबरलेला माणूस जे करतो तेच केलं. "सरी, सरी," म्हणालो. नंतर कुमुदनं सांगितलं, दादा म्हणाले होते, हे सगळं याच्या एकट्याच्या कर्तबगारीवर झालंय, काय, खरं की नाही?

मग दादांना हुरूप आला. त्यांनी शामण्णांना धंद्यातलं मर्म सांगायला घेतलं. माणसाची श्रीमंती वर नसते, साहेब, खाली असते. असं म्हणून ते वाकले आणि खाटेखालचं कॉफीचं यंत्र ओढून बाहेर काढलं. आणि चादर घातलेली वस्तू तर कधीही सोडू नये. त्यांनी पितळी डबा उतरवला, चादर झटक्यात ओढली. शिवणयंत्र! लेकीनं जे मागितलं होतं ते लेकीच्या घरात आधीच होतं.

शामण्णा माझ्याकडे वळले. दोन वर्षांत मी त्यांना इंग्रजीत बोलताना फारसं ऐकलं नव्हतं. तेव्हा ते सावकाश, एकेक शब्द तोलून इंग्रजीत म्हणाले, "मिस्टर परचुरे, परवा या वस्तू इथे नव्हत्या. या कुणाच्या?"

खरं सांगणं सोपं होतं. एवढंच म्हणायचं, माझ्या नाहीत. मग पुढचा प्रश्न आला असता, मग कोणाच्या, आणि त्याचं उत्तर माझ्या दारातच उभं होतं. जोशी आले होते, त्यांच्यामागे जोशीकाकू, नागराज, नागराजची बायको पदर तोंडाशी धरून. जोशी माझ्याकडे बघत नव्हते. ते पुन्हा उंबऱ्याकडेच बघत होते, या खेपेला माझ्या उंबऱ्याकडे. मी कुमुदकडे पाहिलं. तिला सगळं दिसत होतं, दोन्ही नळ वाहून चाललेले दिसत होते. तिनं अगदी थोडी होकारार्थी मान हलवली.

"माझ्याच आहेत," मी म्हणालो.

आणि एक गंमत सांगतो. ते शब्द तोंडातून बाहेर पडले आणि मला वाईट वाटायला हवं होतं, तर क्षणभर बरं वाटलं. दोन रेडिओ, तीन घड्याळं, दोन सायकली, शिवणयंत्र, पोपट! सासरे अभिमानानं बघतायत! मी हात मागे बांधून थोडा डौलानं उभाही राहिलो असं कुमुद म्हणते.

शामण्णांनी खुंटीवरून छत्री काढली. तिच्यातून पाणी ठिबकलं. त्यांनी त्या पाण्याकडे बघितलं, घड्याळांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. एवढा सधन माणूस आणि दुसऱ्याची छत्री वापरतो, हे त्यांना रेडिओपेक्षा जास्त लागलं असावं. ती काखेत मारून ते नागराजच्या घरात गेले, आणि तिथे त्यांना चार भिंतींवर काहीही आढळलं नाही. साडेअकराला ते वठारातून निघाले. इथे माझी श्रीमंती संपली. तिचे परिणाम तेवढे सुरू झाले.

दुपारी जेवताना कुमुदनं वडिलांना सगळं समजावून सांगितलं. क्वार्टर, गुण, शेजाऱ्यांचं सामान, दोन तासांची गोष्ट. दादांनी शांतपणे ऐकलं, आमटीचा भुरका घेतला आणि मग इतके हसले की पोपटानं पिंजऱ्यात फेऱ्या मारल्या.

"पोरी," ते म्हणाले, "आयुष्यभर ज्या ज्या घरात शिरलो त्या त्या घरात हेच ऐकलं. 'बेलीफसाहेब, हे आमचं नाही, शेजाऱ्यांचं आहे.' तू तरी बापाला काहीतरी नवीन सांगायचं होतंस."

मी शपथ घेतली. शपथा तर सगळेच घेत, ते म्हणाले. मी म्हटलं, संध्याकाळी शेजारी सामान घेऊन जातील, तेव्हा बघा. पण शामण्णा जाताना तुकोजीरावांना सांगून गेले होते की यादी लागेपर्यंत ते कधीही, न सांगता, पुन्हा येतील. त्यामुळे संध्याकाळी कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दादा निघाले तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. जटक्यात बसताना त्यांनी मला जवळ घेतलं, आवाज जमेल तेवढा हळू केला आणि अंगणभर ऐकू जाईल असं म्हणाले की जावयानं दिवाळसण जास्त मिळावा म्हणून गरिबीचं सोंग करावं, याचा मला राग नाही, हुशारी आहे ती. पण बेलिफापुढे चालायची नाही.

यादी लागली. जोशींना क्वार्टर मिळालं, नागराजला मिळालं. माझं नाव सगळ्यांत शेवटी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा कुमुद तांदूळ निवडत होती. बराच वेळ निवडतच राहिली. मला वाटलं आता रडेल. मग म्हणाली, "जोशींचे पाय घरात येतील आता." आणि हसली. त्या क्षणी मला तिचा इतका अभिमान वाटला की मी उठून नळावरून दोन बादल्या पाणी आणलं. (ही सवय पुढं कायमची लागली. तिला वाटतं ते प्रेम आहे. आहेच, पण सुरुवात पश्चात्तापानं झाली.)

सामान मात्र गेलं नाही. नवीन क्वार्टरमध्ये वर्षभर तपासणी राहणार होती, आणि गरीब म्हणून घर मिळालेल्या माणसाच्या घरी टोल्यांची दोन घड्याळं कशी निघावीत? तेव्हा दोन्ही बिऱ्हाडं अंथरुणं, भांडी आणि पोपट घेऊन गेली आणि बाकीची संपत्ती माझ्याकडे राहिली. सायकली त्यांना कारखान्यात जायला लागत, त्या मात्र रोज सकाळी इथून नेत आणि संध्याकाळी इथे आणून लावत. म्हणजे सायकल वापरण्यासाठी दोघेही आधी येलहंक्याहून बसनं मल्लेश्वरमला येत. आलेच आहेत तर आपापल्या रेडिओवर बातम्या ऐकत. ऐकताहेत तर कुमुद त्यांना कॉफी देई, नागराजच्याच यंत्रात दळलेली. जोशीकाकू रविवारी येऊन आपल्या सासरच्या घड्याळाला किल्ली देऊन जात. आमचा पहिला मुलगा झाला तेव्हा पाळणा टांगायला जागा राहिली नव्हती. तो दोन रेडिओंच्या मधे ट्रंकेवर वाढला. पण त्याची सगळी झबली कुमुदनं नागराजच्या बायकोच्या यंत्रावर शिवली, आणि नागराजची बायको शेजारी बसून शिकवत असे. ते वर्ष, खरं सांगतो, आमच्या घरात माणसांची कधी कमी नव्हती. नळावरही गर्दी नव्हती. तुकोजीरावांनी रिकाम्या बिऱ्हाडांत लवकर कोणाला आणलं नाही. कुमुदला म्हणाले, "अक्का, आता सगळा नळ तुमचा, सावकाश भरा."

आणि दिवाळसण? तो आला. बेळगावहून एक जड लाकडी खोकं आलं. कुमुदच्या मनात अजून आशा होती. शिवणयंत्राचं नाही तर नाही, एखादं छोटं काही. मी खिळे काढले. आत भुसा, आणि भुशात हातभर रुंदीचं, पाच लिव्हरचं लोखंडी कुलूप. सोबत दादांचा निरोप होता की एवढी चीजवस्तू आणि दाराला नुसती कडी, हे बघून मला तिथे दोन रात्री झोप लागली नव्हती. तेलही गेलं, तूपही गेलं आणि हाती कुलूप आलं. आम्ही ते दाराला लावलं. सासऱ्यांचा मान म्हणून लावावंच लागलं.

वर्ष उलटलं, तपासण्या संपल्या, आणि जोशी-नागराज एका दुपारी हातगाडी आणून सगळं आनंदानं घेऊन गेले. घर पुन्हा पहिल्यासारखं झालं. खाट, ट्रंक, स्टोव्ह, भांडी. भर एका मुलाची तेवढी, आणि मुलाला गुण नव्हते. पुढच्या क्वार्टर्सची यादी निघाली. मी पुन्हा अर्ज केला. शामण्णा पुन्हा आले. त्यांना काही शंका नको म्हणून मी सगळं उघडून दाखवलं, ट्रंकसुद्धा. भिंती रिकाम्या, खाटेखाली रिकामं, एकही चादर कशावर पांघरलेली नाही. शामण्णांचा चेहरा मवाळ झाला. ते ट्रंकेवर बसले, मुलाच्या गालाला हात लावला. माझ्या खांद्याकडे हात येत होता, आलाच होता.

तेवढ्यात त्यांची नजर दाराकडे गेली. हात तिथेच थांबला. ते उठले, कडीत लटकलेलं कुलूप दोन्ही हातांनी उचलून पाहिलं, सोडलं, आणि पुन्हा एकदा त्या रिकाम्या खोलीवरून नजर फिरवत, अगदी हळू म्हणाले,

"मिस्टर परचुरे, या खेपेला कुठे लपवलंत?"